पाठीच्या चामड्याची नखी

नखीच्या टोकाची सावली पडद्यावर पन्नास पट मोठी होऊन पडली, तेव्हा तिचे दोन्ही उतार सारखेच झिजलेले दिसले. डाव्या आणि उजव्या उतारात फरक असलाच तर तो दोन शतांश मिलिमीटरहून जास्त नव्हता, आणि चामड्यासारख्या वस्तूच्या बाबतीत एवढा फरक म्हणजे फरक नाहीच. मेनिंगनं चाक फिरवून पडद्यावरची आडवी रेघ टोकाला टेकवली, आकडा वाचला, रेघ मागे नेली, पुन्हा टेकवली, पुन्हा वाचला. मग तिच्या लक्षात आलं की कुणीही न सांगितलेलं माप आपण घेतो आहोत.

झालं होतं इतकंच, की प्रयोगशाळेतल्या त्या यंत्राचा दिवा गेला होता, योलीनं नवा बसवला आणि तो नीट बसलाय का ते बघायला काचेवर काहीतरी ठेव म्हणाली. मेनिंगनं ॲप्रनच्या खिशात हात घातला. खिशात जे होतं ते ठेवलं. योली पडद्याकडे बघून म्हणाली, हे काय, बुटाचा तुकडा? तुम्ही मारिकिनाची बूट शिवणारी माणसं खिशातसुद्धा बूट घेऊन फिरता. मेनिंगनं सांगितलं की बूट नव्हे, बेसची तार छेडायची नखी आहे. योलीला दिव्याशी मतलब होता. दिवा ठीक होता. ती दुपारच्या खाण्याला निघून गेली. बिकुतानच्या त्या थंड खोलीत, जिथे बारा महिने तेविसाच्या आसपास तापमान राखलेलं असे आणि बाहेर पाऊस आहे की ऊन हे कळायला मार्ग नसे, मेनिंग एकटी राहिली. समोर पडद्यावर काळ्या डोंगरासारखी ती सावली. शिखर थोडं बोथट, आणि दोन्हीकडचा उतार एकाच हातानं घडवल्यासारखा.

गेली चौतीस वर्षं मेनिंग बोटांनी वाजवत होती. विचारलं कुणी तर हेच सांगे, आणि न विचारता स्वतःलाही हेच सांगे. व्हेरच्या मंडळींत बेस गिटार तिची. मंडळींत म्हणजे तिघंच: व्हेर, ड्रमवर बोयेट आणि ती. बँडला नाव कधी दिलंच नाही. लग्नाला, गावजत्रेला बोलावणारे 'व्हेरची मंडळी' म्हणत आणि तेवढ्यावर निभावलं. नखी खिशात होती ती जानेवारीपासून. ताताय, जन्मभर बूट शिवलेले तिचे वडील, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी चामड्याला अखेरची सुरी लावत होते तेव्हा त्यांनी त्या कापल्या. आन्सेल्मो मास्तरांना शाळेच्या रोंदाल्या वाद्यवृंदासाठी डझनभर नख्या हव्या होत्या. डझन झाल्यावर तळव्याएवढा तुकडा उरला, त्यातून दोन निघाल्या, त्या ताताय तिला म्हणाले ठेव. एक तिनं बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकली, दुसरी खिशात राहिली. एकाच चामड्याच्या, एकाच पत्र्याच्या साच्यावर एकाच सकाळी कापलेल्या. खिशातली नखी ती 'कधीमधी' हातात घेई. कधीमधी या शब्दाला माप नाही. आता समोर आकडा होता, आणि त्या आकड्याशेजारी ठेवायला घरी डब्यात जुळी नखी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं ती आणली आणि दोन्ही शेजारी शेजारी काचेवर ठेवल्या. चामडं पावसाळ्यात फुगतं, म्हणून दोघींना रात्रभर एकाच खोलीत एकाच बशीत ठेवलं होतं. स्क्रूच्या मापकानं चामडं दबतं, म्हणून सावलीचंच माप घेतलं. एवढी काळजी घेतल्यावर निघालेला फरक होता एक पूर्णांक बेचाळीस शतांश मिलिमीटर. तो बघून तिला प्रथम वाटली ती लाज नव्हे, कुतूहल होतं. एखाद्या अनोळखी माणसाच्या बुटाचा तळ बघून तो कसा चालतो हे ताताय ओळखत, तसलं. टाच बाहेरच्या बाजूनं झिजली असेल तर माणूस उतावळा, असं ते म्हणत, आणि ते खरं की खोटं हे कुणी तपासलं नव्हतं. पण नखीचं तसं नाही. बेस गिटारवर नखीनं वाजवणारा माणूस बहुतेक फटके वरून खाली मारतो, आणि मनगट थोडं तिरकं असतं, म्हणून नखीची एकच बाजू तासली जाते. टोक रंधा मारल्यासारखं एकीकडे कलतं. व्हेरच्या गिटारच्या प्लास्टिकच्या नख्या अशाच कललेल्या होत्या, तिनं पाहिल्या होत्या. दोन्ही बाजू सारख्या झिजायच्या तर फटका जेवढा खाली तेवढाच वर यावा लागतो. तारेला मध्ये धरून हात सारखा थरथरत राहावा लागतो. असं बेस गिटारवर कुणी वाजवत नाही. असं एकाच ठिकाणी वाजवतात.

शाळेत मास्तरांनी तिला आधी लाऊद दिलं होतं, गलेलठ्ठ पोटाचं, चौदा तारांचं. रोंदाल्याच्या कुठल्याही वाद्यात तारेचा सूर फार जगत नाही. छेडला की मावळायला लागतो. म्हणून लांब सूर हवा असेल तर नखी खालीवर, खालीवर, इतकी भरभर फिरवायची की ऐकणाऱ्याला फटके ऐकू न येता नुसता सूर ऐकू यावा. मास्तर म्हणत, सुराला भरवायचं, पिलाला दाणा भरवतात तसं. हात थांबला की पिलू मेलं. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना हे वाक्य फार लागे. नंतर ती एकदम उंच झाली आणि मास्तरांनी तिच्याकडे मोठा बास दिला, जवळजवळ तिच्याच उंचीचा, नखांचा बास असंच त्याचं नाव. त्याच्या तारा दोरखंडासारख्या जाड. त्या छेडायला प्लास्टिकची नखी घेतली तर ती आधी वाकायची, मग मोडायची. म्हशीच्या शिंगाची घेतली तर तार खडखडायची. पोरं घरून काय काय आणत. जुन्या रबरी चपलेचा तुकडा. त्याचा आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. दुधाच्या डब्याचं झाकण. त्यानं तार सोलवटून निघाली आणि मास्तरांनी झाकण आणणाऱ्याला महिनाभर टाळ्या वाजवायला बसवलं. मग ताताय एका शनिवारी शाळेत आले, तार बोटानं दाबून बघितली, घरी गेले आणि संध्याकाळी बुटाच्या तळव्याच्या चामड्याची नखी घेऊन आले. पोटाचं चामडं घ्यायचं नाही, त्यांनी मास्तरांना सांगितलं, ते लाड करून घेतं आणि ऐन वेळी वाकतं, पाठीचं घ्यायचं. त्या नखीनं मोठा बास पहिल्यांदा बोलला. मेनिंगला तो आवाज कानानं नव्हे, मांडीच्या हाडानं आठवत होता.

आणि त्यानंतरचं व्हेरचं गॅरेज, एकोणीसशे नव्वद. तिला अठरावं लागलेलं. व्हेरला बेस वाजवणारं कुणी हवं होतं, आणि कॉलेजात कुणीतरी सांगितलं की रसायनशास्त्राच्या वर्गातली ती लांबडी मुलगी बेस वाजवते. बेस तो बेस, असं तिलाही वाटलं. तिनं चामड्याची नखी घेऊन उसनी गिटार मांडीवर घेतली, आणि गाण्याचं सारं ठीक झालं, शेवटचा लांब सूर येईपर्यंत. तो सूर आला आणि तिचा हात थरथरायला लागला, अगदी बिनचूक, सेकंदाला आठ फटके, मास्तरांनी शाबासकी दिली असती असे. भोंग्यातून जे बाहेर पडलं ते तिनं आधी कधी ऐकलं नव्हतं. बोयेट हसून हसून स्टुलावरून घसरला. व्हेरनं गिटार खाली ठेवली, डोळे पुसले आणि म्हणाला, "अगं, वीज आहे त्यात वीज. सूर आपला आपण राहतो. शिवणयंत्र बंद कर." बोयेटनं विचारलं की एवढ्यात सँडलचे किती जोड शिवून झाले. मारिकिनाच्या मुलीला शिवणयंत्र म्हणणं यात वाईट काही नव्हतं. घराघरातून तोच आवाज यायचा. तीही हसली होती. पण घरी जाऊन तिनं नखी डब्यात टाकली आणि बोटांनी वाजवायला शिकली. पहिले तीन महिने उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड, मग फोडांवर फोड, मग घट्टे. व्हेर म्हणाला होता, खरे बेसवाले बोटांनीच वाजवतात, नखी म्हणजे लंगड्याची काठी. चांगलं वाजवायला लागली ती. त्या चौतीस वर्षांत तिनं शेवटचे लांब सूर किती सोडून दिले असतील. एकदा छेडायचं आणि बोट उचलून घ्यायचं, आणि सूर आपला आपण राहतो. दर वेळी त्या राहण्याकडे ती जराशी संशयानं बघे. आपण काही करत नसताना चालू राहणाऱ्या गोष्टीला आपली म्हणावं का, असा काहीतरी तो संशय होता.

या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती सात महिने भिजत पडली होती. जानेवारीत, सांतो निन्योच्या सणाच्या प्रार्थनेनंतर, चर्चच्या पायऱ्यांवर मास्तरांनी तिचा डावा हात हातात घेतला होता. मास्तरांचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी तिच्या बोटांची टोकं चाचपली, आंबा पिकला का बघतात तशी, आणि म्हणाले की ऑगस्ट अखेर मी थांबतो आहे. सिस्टर म्हणतात शिकवणारं कुणी मिळालं नाही तर रोंदाल्याची खोली तायक्वांदोच्या वर्गाला द्यायची. एकवीस पोरं आहेत. तू घेशील का. वर्ग शनिवारी दुपारी. ती म्हणाली, बघते. फेब्रुवारीत व्हेरनं जाहीर केलं की आपली स्वतःची नऊ गाणी आता रेकॉर्ड करायची, मरायच्या आत. भावाच्या ओळखीनं स्टुडिओ मिळालाय, सप्टेंबरपासून नऊ शनिवार, दुपारी. व्हेर बंदरावरच्या कचेरीत सहा दिवस राबायचा आणि त्यातला शनिवार अर्धा, म्हणून त्याला तोच एक वेळ होता. ती म्हणाली, बघते. रविवार तातायचा आणि देवाचा. बाकी दिवस प्रयोगशाळेचे. शनिवारची दुपार एकच होती.

मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही. विचारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. ते कलामांसीची पिशवी पाठवत. त्यांच्या अंगणातल्या झाडाची ती छोटी हिरवी लिंबं, कधी शेजारणीच्या हाती, कधी ट्रायसिकलवाल्याच्या हाती, सोबत निरोप नाही, काही नाही. सात महिन्यांत पाच पिशव्या झाल्या होत्या. मेनिंग लिंबं पिळून तातायना सरबत करून देई आणि रिकामी पिशवी घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवी. आणि व्हेरला नाही म्हणायचं तर कुठल्या तोंडानं? नदीला मोठा पूर आला त्या साली खालचं घर पाण्यात गेलं, तेव्हा व्हेर छातीएवढ्या पाण्यातून आला होता, आधी त्यानं तातायचं शिवणयंत्र खांद्यावरून बाहेर नेलं आणि मग परत येऊन तातायना पाठुंगळी घेतलं, कारण म्हातारा त्याच्याशिवाय वरच्या मजल्यावरून हलायला तयार नव्हता. त्याच्या थोरल्या मुलीची ती धर्ममाता होती. असल्या माणसाला नकार द्यायचा म्हणजे आपण चांगली माणसं नाही हे स्वतःहून लिहून देण्यासारखं.

म्हणून ती बघत होती. आणि आता बघायला निदान काहीतरी समोर आलं होतं. बुधवारी आणि गुरुवारी जेवणानंतर तिनं बेस मांडीवर घेतली, भोंग्याला न जोडता, लयमापक सेकंदाला आठ ठोक्यांवर ठेवला आणि मोजून एकवीस-एकवीस मिनिटं एकाच तारेवर नखी थरथरवली. दोन दिवसांचे मिळून वीस हजार फटके. कंटाळा येईल असं वाटलं होतं. पहिल्या दोन मिनिटांत मनगट तक्रार करतं. मग ते मनगट राहत नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये चामडं कोमट होतं, थोडं नरम पडतं, घामानं त्याला मिठासारखा वास येतो, जुन्या दुकानातला, तातायच्या ॲप्रनचा. नखी पुढे किती डोकवावी हे बोटांना ठाऊक होतं: भाताच्या दाण्याएवढी, जास्त नाही. जास्त डोकावली तर तारेत अडकते, कमी तर बोटाचं नख घासतं. हे शहाणपण तिनं कधी वहीत लिहिलं नव्हतं. दहाव्या मिनिटाला तिला जाणवलं की आपण एका तारेवर नाही. हात केव्हाच एका चालीवर गेला आहे, मोठ्या बासच्या एका जुन्या वाल्ट्झच्या चालीवर, आणि व्हेरच्या नऊ गाण्यांपैकी ती एकही नव्हती. प्रयोगाच्या दृष्टीनं त्यानं काही बिघडत नव्हतं. फटके ते फटके. तरीही तिनं हात परत एका तारेवर आणला, आणि दोन मिनिटांनी तो पुन्हा गेला.

गुरुवारी ती थांबली तेव्हा समोरच्या खोलीत शांतता होती. तातायचा रेडिओ या वेळी चालू असतो, तो बंद होता. ते खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसले होते, हात मांडीवर उताणे. तिनं विचारलं, रेडिओ बिघडला का. ताताय म्हणाले की नाही, आज फार लांबलं तुझं, बातम्या गेल्या माझ्या. तिला कळेना. मग त्यांनी सांगितलं, अगदी भाताला मीठ कमी आहे सांगावं तसं:

"रोज वाजवतेस तेवढ्यापुरता मी बंद करतो. रोज थोडंच असतं, म्हणून चालतं."

रोज? तिनं विचारलं. रोज म्हणजे किती? त्यांनी खांदे उडवले. भांडी झाली की. मी औषध घेतो आणि पाणी पिऊन होईस्तोवर. मग ते म्हणाले की पाठीचं चामडं आहे, पुरेल अजून दोन वर्षं, पण टोकाला थोडं खोबरेल लाव, जास्त नको. आणि झोपायला उठले. भिंतीला हात लावत जाणारी त्यांची पाठ बघत ती उभी राहिली. म्हणजे घरात एक साक्षीदार होता, सात महिने, डोळे अधू, कान शाबूत.

शुक्रवारी सकाळी माप घेतलं. वीस हजार फटक्यांनी चार शतांश मिलिमीटर. एक पूर्णांक बेचाळीसला त्यानं भागायचं, गुणायचं: सात लाख दहा हजार फटके. सेकंदाला आठच्या हिशेबानं चौदाशे एकोणऐंशी मिनिटं. जानेवारीपासूनचे दिवस दोनशे अकरा. दिवसाला सात मिनिटं. तिनं आकडा पुन्हा करून पाहिला, वीस टक्क्यांची चूक दोन्हीकडे धरून पाहिला. पाचाच्या खाली जाईना आणि नवाच्या वर जाईना. माणूस औषध घेऊन पाणी पिईस्तोवर. तिनं कागदाच्या कोपऱ्यात छोटंसं गोल करून सात लिहिलं आणि बराच वेळ त्याकडे बघत बसली. ज्या गोष्टीचा निर्णय व्हायचा आहे असं ती समजत होती, तिच्यावर हात रोज सही करत होता. मात्र तिच्या शिक्षणानं तिला एक शिस्त लावली होती: आकडा काय सांगतो तेवढंच वाचायचं, त्याला काय सांगायला आवडेल ते नाही. आकडा सांगत होता की ती रोज सात मिनिटं नखी थरथरवते. तिनं शनिवारी कुठे जावं हे आकडा सांगत नव्हता. कदाचित तिला फक्त नखी हवी असेल. कदाचित व्हेरच्या गॅरेजात, विजेच्या बेसवर, तीच नखी काढली तर भूक भागेल आणि कुणालाच नाही म्हणावं लागणार नाही. हे तपासता येण्यासारखं होतं. तपासता येण्यासारखं काही सापडलं की तिला नेहमी हलकं वाटे.

शनिवारी दुपारी ती व्हेरच्या गॅरेजात पोहोचली तेव्हा मेजावर पान्सितचं ताट होतं आणि बोयेट उभ्या उभ्या काट्यानं शेवया उचलत होता. तो म्हणाला, या सायंटिस्टबाई, आज दोन मिनिटं उशीर, मोजून. व्हेरनं पंखा तिच्याकडे वळवला. तो जाड झाला होता, केस कानांपुरते उरले होते, पण गिटारचा पट्टा गळ्यात घातला की खांदे अजून विशीतल्यासारखे मागे जात. त्यानं भिंतीवर कागद लावला होता, नऊ गाणी, नऊ तारखा, प्रत्येक तारखेपुढे तिघांची नावं. तिचं नाव नऊदा. सगळ्यात आधी तिनं ते मोजलं. खिडकीच्या जाळीतून शाळेच्या बाजूचा रस्ता दिसत होता. तिथून दोन वाजता पोरं आपापल्या पेट्या घेऊन जायची, ती आत्ताच गेली असणार. त्यांतली एक मोठ्या बासवर होती, हे तिला माहीत होतं. ती मुलगी अजून पुरेशी उंच झाली नव्हती आणि फळकुटावर उभी राहून वाजवायची.

दोन गाणी तिनं बोटांनी वाजवली. तिसरं संथ होतं, व्हेरनं बायकोसाठी केलेलं, आणि त्याच्या शेवटी तो लांब सूर होता. त्याच्या आधीच्या दोन मोकळ्या ठोक्यांत तिनं खिशातून नखी काढली. तर्जनीच्या कडेवर ठेवली, अंगठा वर, दाण्याएवढं टोक बाहेर. सूर आला आणि तिनं हात सोडला.

भोंग्यातून चामड्याचा आवाज बाहेर पडला. आधी सुराच्या तोंडाशी एक मऊ ठोका, लाकडी जमिनीवर नवा तळवा टेकावा तसा. मग त्यामागे दुसरा, तिसरा, आणि मग ठोके वेगळे राहिले नाहीत. वीज सुराला धरून होती आणि हात त्याला भरवत होता, आणि दोन्ही मिळून ते इतकं झालं की मेजावरचं ताट हलकं वाजायला लागलं. बोयेटनं हात टाकून झांज धरली. पोटरीच्या हाडात, मांडीच्या हाडात, जिथे तिला आठवत होतं तिथेच ते आलं. तिनं आठ मोजले, सोळा मोजले. मग हात थांबवला, आणि सूर थांबला नाही. तो आपला आपण थोडा वेळ राहिला, कुणी न भरवता, आणि मग गेला. तिचं सगळं लक्ष त्या मागे राहिलेल्या तुकड्यावर होतं. तो छान होता. त्याला तिची गरज नव्हती.

व्हेर तिच्याकडे बघत होता. तो काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं, चौतीस वर्षं ठाऊक होतं, आणि तो तेच म्हणाला.

"शिवणयंत्र," तो म्हणाला, पण हळू, एखाद्या आजारी माणसाचं नाव घ्यावं तसं. "हे इतकी वर्षं कुठे ठेवलं होतंस?"

"डब्यात. तू बंद कर म्हणाला होतास."

"मी? कधी?"

त्यानं बोयेटकडे पाहिलं. बोयेटनं ओठ पुढे काढून मान हलवली; त्यालाही काही आठवत नव्हतं. ती थट्टा नव्हती, दोघांच्याही तोंडावर खरोखर काही नव्हतं. जिच्यामुळे बोटांना फोड आले ती गोष्ट ज्या घरात घडली त्या घरानंच ती लक्षात ठेवली नव्हती. मेनिंगला राग येईल असं वाटलं आणि ती वाट बघत राहिली; राग आला नाही. आलं ते पुन्हा कुतूहलच. कुणी अडवलेलं नसताना माणूस इतकी वर्षं किती काळजीपूर्वक अडून राहू शकतो, याचं.

व्हेरचं मात्र सुरू झालं होतं. तो भिंतीपाशी गेला, पेन काढलं. तो म्हणाला की हेच हवं होतं, हेच कमी होतं आपल्यात, बोटांनी बिटांनी काही नाही, नऊच्या नऊ गाण्यांना हीच नखी. स्टुडिओवाल्याला सांगतो बेसला वेगळा माइक लाव. तातायना सांग आणखी दोन कापून ठेवा. बोयेट म्हणाला, तातायना सांग माझ्या काठ्यांना पण तळवे लाव. व्हेर हसला आणि कागदावर तिच्या नावापुढे नखीचं चित्र काढायला लागला, एक, दुसरं, तिसरं, बदामासारखी छोटी छोटी. तो खुशीत होता. तिला त्याची खुशी दिसत होती, आणि पाण्यातून यंत्र घेऊन येणारा त्याचा खांदाही दिसत होता, आणि त्याच वेळी तिच्या तळहातात ते कोमट चामडं होतं, दोन्ही बाजूंनी सारखं झिजलेलं. तपासायचं ते तपासून झालं होतं. जे हवं असेल असं वाटलं होतं ते मिळालं होतं, पूर्ण, वर शाबासकीसकट, आणि भूक जिथल्या तिथे होती. रस्त्यापलीकडे या क्षणी एक मुलगी फळकुटावर उभी राहून जाड तारेला भरवत असेल, आणि समोर मास्तर, काही दिसत नसताना, तिचा हात थांबतो कधी ते ऐकत असतील.

व्हेर पाचव्या चित्रापर्यंत आला होता.

"व्हेर, थांब," ती म्हणाली. त्यानं पेन तसंच धरून मागे पाहिलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, आकडे वाचून दाखवतानाचा. "मी रेकॉर्डिंगला येणार नाही. शनिवारचा मास्तरांचा वर्ग मी घेतेय."